एकोणीस शुक्रवार

आमच्या कॉलेजात आजवर सात जणांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्या सातही जणांचे आकडे तातेरावमामांनी मोजलेले आहेत. हे वाक्य मी दोनदा कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिहून दिलं होतं. दोन्ही वेळा ते कापलं गेलं, म्हणून इथे सगळ्यात आधी लिहून टाकते.

कॉलेज म्हणजे बदनापूरच्या अलीकडे, हमरस्त्यावरून आत वळल्यावर लागणारं खासगी कृषी महाविद्यालय. मी तिथली ग्रंथपाल, वंदना. तातेरावमामा फार्मवरचे रोजंदार मजूर. एकतीस वर्षं रोजंदारच. पण त्यांच्या हातात खुरपं क्वचितच दिसायचं. हातात लांबट वही, कानावर पेन्सिल आणि गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग, अशा थाटात ते कपाशीच्या ओळींतून फिरायचे. नवख्या माणसाला वाटावं, तलाठी पंचनाम्याला आलाय.

त्यांचं काम किडे मोजायचं. संशोधनासाठी कपाशी लावली की तिच्यावर दर आठवड्याला किती तुडतुडे, किती पांढरी माशी, हे कुणीतरी पानं उलटून पाहावं लागतं. प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडं, प्रत्येक झाडाची तीन पानं: एक शेंड्याचं, एक मधलं, एक बुडाचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ऊन चढलं की पांढरी माशी उडते, आणि पान हललं की तुडतुडा तिरका पळतो. म्हणून मामा शुक्रवारी उजाडताच फार्मवर हजर असत. पान देठाला धरून असं उलटायचे की झोपलेल्या लेकराची कूस बदलावी. मोजताना ओठ हलवायचे नाहीत, ओठ हलले की श्वास पानाला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांना डॉक्टर व्हायचं असायचं ते बहुतेक वेळा बांधावर गाडीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे.

मामा स्वभावाने गोड होते असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. चहात साखर कमी पडली तर कॅन्टीनवाल्याशी आठवडाभर अबोला. आपलं मोजायचं कसब त्यांनी फार्मवरच्या दुसऱ्या कुणालाही शिकवलं नाही. शिकवायचं म्हटलं की म्हणत, एका पिकाला दोघांचे डोळे लागले की आकड्यात फरक पडतो. फार्मवरच्या बायका त्यांना ‘डॉक्टर’ म्हणून चिडवत आणि ते खरोखर चिडत.

प्रत्येक शुक्रवारच्या आकड्यांखाली ते पानामागची सरासरी काढून ठेवत. त्यांच्या वहीचा एक नियम होता. मोजलं आणि काही सापडलं नाही, तर शून्य. मोजलंच नाही, तर आडवी रेघ, आणि रेघेपुढे कारण: ‘ओढ्याला पाणी’, ‘ताप’, ‘फवारणी झाली, आत जाऊ दिलं न्हाई’. शून्य आणि रेघ यांच्यात ते कधी गल्लत होऊ देत नसत. एका संशोधकाने (आता ते मोठ्या पदावर आहेत, नाव घेत नाही) मामांना सांगितलं होतं की रेघेच्या जागी मागच्या आठवड्याइतकंच काहीतरी घालून टाका, कुणाला कळतंय. मामांनी वही त्यांच्या हातात दिली, म्हणाले तुम्हीच घाला, आणि पंधरा दिवस कामावर आले नाहीत. शेवटी त्या साहेबांना त्यांच्या घरी जाऊन चहा प्यावा लागला. तो चहा मामांच्या घरी किती गोड केला होता, ते त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितलं होतं.

इतकं सगळं असून मामांची एक इच्छा होती, आणि ती त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नाही. मला ती कळली ती ग्रंथालयात बसून. कुणाचाही प्रबंध बांधून आला की दोन-चार दिवसांत मामा यायचे. बाहेरच्या नळावर हात धुवायचे, पंच्याला पुसायचे आणि तो प्रबंध मागायचे. सुरुवातीला आभाराचं पान असतं, ते उघडायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण स्वतःचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांच्या धाकट्या मुलीने, अक्षताने, लहानपणीच त्यांना पाटीवर काढून शिकवलं होतं. त्या सात अक्षरांसाठी ते बोट फिरवत पानभर जात. मार्गदर्शक असत, प्राचार्य असत, आईवडील, पत्नी, सासुरवाडी, एकदा तर एका कुत्र्याचंही नाव होतं. मामांचं नाव नसे. एका प्रबंधात ‘फार्मवरील मजूर’ एवढं होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हां, म्हंजी आम्ही सारेच.” आणि प्रबंध परत माझ्या टेबलावर ठेवून गेले. मला त्या दिवशी फार राग आला होता, पण रागावून मी केलं काय, तर प्रबंधाला शिक्का मारून तो कपाटात लावला.

आदिनाथ सर आले तेव्हा मामांची साठी जवळ आली होती. आदिनाथ परतूरकडच्या शेतकरी घरातला मुलगा, हुशार, बोलायला नम्र, आणि सतत घाईत. नोकरी कायम व्हायला त्यांना एका नामांकित नियतकालिकात शोधनिबंध छापून यायला हवा होता. त्यांनी खरिपात कपाशी लावली, आणि सकाळच्या दमटपणाचा आणि तुडतुड्यांचा संबंध शोधायचं ठरवलं. एकोणीस जुलै ते तेरा डिसेंबर, बावीस शुक्रवार. मोजणार अर्थात तातेरावमामा. दिवाळीतला एक शुक्रवार नेमका लक्ष्मीपूजनाचा होता, अख्ख्या फार्मवर चिटपाखरू नव्हतं, तेव्हाही मामा एकटे जाऊन मोजून आले.

निबंध लिहायला आदिनाथ सरांनी एआयची मदत घेतली. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडचा मुलगा मराठीत शिकतो, मराठीत विचार करतो आणि छापायचं मात्र इंग्रजीत. त्याचं इंग्रजी कुणी नीट करून देत असेल तर माझी ना नाही. मी स्वतः ग्रंथालयाच्या याद्या लावायला ते वापरते. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते, यंत्र आलं म्हणून खोटं आलं, असं काही नाही. आधी ते हाताने करावं लागायचं. लिंबाखाली बसून वहीभर आकडे रचणारे संशोधक मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

पण आदिनाथ सरांनी आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. नियतकालिकाच्या अर्जात कोणी काय काम केलं ते लिहायचं होतं. ‘निरीक्षणं कोणी घेतली’ यापुढे त्यांनी तातेरावमामांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि आभारात नव्हे, लेखकांत घातलं. पहिलं नाव आदिनाथ सरांचं, दुसरं मामांचं. कुणी सुचवलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. ग्रंथालयात येऊन त्यांनी ते मामांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मामांच्या हातात वर्तमानपत्र होतं. त्यांनी त्याची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मला हळूच विचारलं, छापून आल्यावर ते या कपाटात लागेल का. मी म्हटलं, लागेल, कायमचं. जूनमध्ये त्यांचं काम सुटणार होतं. त्याच्या आत ते घडावं एवढंच त्यांना हवं होतं.

निबंध माझ्याकडे तपासणीला आला. कुणाची वाक्यं उचलली आहेत का ते पाहणारा प्रोग्राम ग्रंथालयात असतो, त्यात मी तो घातला, निबंध स्वच्छ निघाला, मी सही केली. त्या प्रोग्रामला चोरी कळते, खोटं कळत नाही. हे मला माहीत होतं, तरी सही करताना आठवलं नाही.

एप्रिलमध्ये नियतकालिकाचं उत्तर आलं. निबंध पसंत होता. एकच अट होती: प्रत्येक लेखकाने शेवटचा मसुदा स्वतः पाहावा आणि आपल्याला मान्य आहे असं ईमेलने कळवावं. हल्ली एआयमुळे भलतंच काहीतरी छापलं जातं, म्हणून त्यांनी ही अट घातली होती. मामांचा ईमेल कुठला असणार. आदिनाथ सरांनी अक्षताचा दिला होता. अक्षता परतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. इतर कुणी असतं तर ‘मान्य आहे’ असं दोन शब्दांत कळवून मोकळं झालं असतं. अक्षताने मसुद्याची पानं छापून घेतली आणि रविवारी वडिलांच्या घरी बसून, एकेक वाक्य मराठीत करत, त्यांना सगळा निबंध वाचून दाखवला. वडिलांनी पाहावं असं लिहिलंय, तर वडील पाहतील, असा तिचा साधा हिशोब. बापाची लेक.

हे पुढचं मला नंतर अक्षताकडून कळलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. तक्ता आला तेव्हा म्हणाले, तारखा वाच. तिने वाचल्या, तारखेपुढचे आकडे वाचले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापाशी त्यांनी डोळे उघडले. नोव्हेंबरमधल्या एका तारखेला म्हणाले, पुन्हा वाच. आणि सहा डिसेंबर आला तेव्हा उठून उभे राहिले.

सोमवारी ते ग्रंथालय उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले होते. मांडीवर वही. आत येऊन त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली, शेजारी अक्षताने दिलेली पानं ठेवली आणि बोटाने दाखवत गेले. सहा सप्टेंबर: वहीत रेघ, पुढे ‘ओढ्याला पूर’. छापील तक्त्यात पानामागे सरासरी तुडतुडे चार पूर्णांक एक. आठ नोव्हेंबर: वहीत रेघ, पुढे ‘गिरिजाचं डोळ्याचं ऑपरेशन, जालना’. गिरिजाबाई म्हणजे त्यांची बायको. तक्त्यात तीन पूर्णांक तीन. सहा डिसेंबर: वहीत रेघ, आणि पुढे कारण लिहायचीही त्यांना गरज वाटली नव्हती. महापरिनिर्वाण दिनाला मामा दर वर्षी चैत्यभूमीला जातात. चार तारखेला गाडीत बसतात, आठला परत येतात, फार्मवरच्या उंदरालाही हे ठाऊक आहे. तक्त्यात दोन पूर्णांक सहा. तिन्ही आकडे कसे, तर मागचा आणि पुढचा आठवडा यांच्या बरोब्बर मध्ये बसणारे. दिसायला अगदी खरे.

मला पटकन कळलं काय झालं असणार ते. आणि मग मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, “मामा, बाविसांतले तीनच तर आहेत. एवढ्यासाठी कशाला अडवता? जूनच्या आत छापून येतंय.”

मामांनी वही माझ्याकडे सरकवली. “मॅडम, त्या तीन शुक्रवारी मी तिथं नव्हतोच. नाव लावलं म्हंजी मी होतो असं होऊन राह्यलं.” मग वहीतल्या सहा डिसेंबरवर बोट ठेवून म्हणाले, “हे उद्या आमच्या वस्तीतल्या कुण्या शिकलेल्या माणसानं वाचलं, तर मी काय सांगू? बाबासाहेबांच्या दिवशी मी तुडतुडे मोजत बसल्तो?”

मी आदिनाथ सरांना बोलावून घेतलं. वही पाहिल्यावर ते खुर्चीवर बसले. त्यांनी काही लपवलं नाही. वहीच्या पानांचे फोटो काढून एआयला दिले होते, याचा तक्ता कर म्हणून सांगितलं होतं. त्याने बावीस ओळींचा भरलेला तक्ता दिला. तो इतका नीटनेटका होता की पुन्हा वहीशी ताडून पाहावा असं त्यांना वाटलंच नाही. नियतकालिकाच्या अर्जात ‘एआय कशासाठी वापरलं’ असा प्रश्न होता, तिथे ‘फक्त भाषेसाठी’ यावर खूण केली होती. ‘सर्व आकडे माणसाने मूळ नोंदींशी तपासले आहेत’ यावरही केली होती. घाईत माणूस किती खुणा करतो.

मग ते हिशोब करू लागले. ते तीन आकडे काढले तर सगळं गणित पुन्हा करावं लागणार. दमटपणाचा आणि तुडतुड्यांचा जो घट्ट संबंध निबंधात दाखवला होता, तो सैल पडणार. नियतकालिक निबंध परत पाठवणार. नोकरी कायम व्हायचं वर्षभर पुढे. त्यांचा आवाज खाली गेला होता. मामांना म्हणाले, तुमचं नाव मी काढून टाकतो, म्हणजे तुमच्यावर काही यायचं नाही.

“अन् आकडे?” मामांनी विचारलं.

आदिनाथ सरांनी वही मिटली.

“मंग नाव काढून काय फायदा? वही तर माझीच हाय.” मामा वही माझ्या टेबलावर तशीच ठेवून उठले. “सर, मला विचारलंय, तर मी खरं सांगन. तुमच्या मागं न्हाई सांगणार, समोर सांगून राह्यलो. शुक्रवारपर्यंत थांबतो.”

ते गेल्यावर आदिनाथ सरांनी टेबलावर डोकं टेकलं. मला त्यांचीही दया आली. एकतीस वर्षांत मामांचं नाव लिहायचं ज्या एकाच माणसाला सुचलं, त्याच्याच हातून हे व्हावं, याला काय म्हणायचं. वाईट माणसाने चूक केली तर निदान चिडता तरी येतं.

ते चार दिवस कॉलेजात कुणाला काही कळलं नाही. मामा रोज येत, गवत काढत, आदिनाथ सरांना नमस्कार करत. गुरुवारी दुपारी आदिनाथ सर ग्रंथालयात आले आणि वही मागितली. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून त्यांनी पहिल्या पानापासून प्रत्येक आकडा तक्त्याशी ताडायला घेतला. चार वाजता उठून माझ्याकडे आले. तीन रेघा सोडून आणखी पाच ठिकाणी फरक होता. मामा आकडे मराठीत लिहितात, आणि त्यांचा एक आणि नऊ यंत्राने काही ठिकाणी उलटसुलट वाचला होता. एका प्लॉटला एक तुडतुडा होता तिथे नऊ झाले होते. मी म्हटलं, आता? ते म्हणाले, आता काय, लिहितो त्यांना. कुणी समजावलं म्हणून नाही, तर पाच चुका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या म्हणून त्यांनी ठरवलं, असं मला वाटतं. त्याच दिवशी त्यांनी संपादकांना सगळं लिहून कळवलं आणि वहीचे फोटो जोडले.

शुक्रवारी मामांचंही उत्तर गेलं. संपादकांनी त्यांना विचारलं होतं, तेव्हा उत्तर त्यांनीही द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ते फोनवर अक्षताला सांगितलं, तिने मराठीत लिहून घेतलं आणि खाली इंग्रजी केलं. ती प्रत तिने मला पाठवली, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे. ते असं होतं:

‘बावीस शुक्रवारांपैकी एकोणीस शुक्रवार मी मोजले. तीन मी मोजले नाहीत, ते कुणीच मोजले नाहीत. एकोणीस शुक्रवारांना माझं नाव लावता येत असेल तर लावा. बाविसांना लावू नका.’

मी ते वाचलं आणि मला रडू आलं. ग्रंथालयात दोन मुलं वाचत बसली होती, म्हणून मी पुस्तकांच्या मागे जाऊन उभी राहिले.

संपादकांचं उत्तर चार ओळींचं आणि कोरडं होतं. खरं सांगितल्याबद्दल आभार. निबंध या अंकातून काढला आहे. दुरुस्त करून नवा म्हणून पाठवता येईल, पण पसंतीची हमी नाही. एवढंच. आपण काही मोठं केलं की समोरून काहीतरी मोठं यावं, अशी आपली समजूत असते. तसं काही होत नाही.

आदिनाथ सरांची नोकरी वर्षभर कायम झाली नाही. महिनाभर ते मामांशी बोलले नाहीत, आणि मामाही त्यांच्याशी बोलायला गेले नाहीत. त्या बाबतीत दोघं एकाच माळेचे मणी. जूनच्या तीस तारखेला मामांचं काम सुटलं. प्राचार्यांनी शाल दिली, भाषणात त्यांचं आडनाव चुकीचं घेतलं. मामा शाल घेऊन गेले. कपाटात लावायला त्यांचं काही आलं नव्हतं. मी फाटकापर्यंत त्यांच्यासोबत चालत गेले.

आदिनाथ सरांनी निबंध पुन्हा लिहिला. दमटपणाचा संबंध आता ‘असावा, पण खात्रीने सांगता येत नाही’ एवढाच उरला होता. दुधाने तोंड पोळलेलं, आता ते ताकही फुंकून पीत होते. तक्त्यातला एकेक आकडा त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचून वहीशी जुळवला. एआय कुठे वापरलं, त्याने काय चुकवलं आणि ते कसं सापडलं, हे खाली एका परिच्छेदात सरळ लिहिलं. पहिल्या नियतकालिकाने नकार दिला. दुसऱ्याने, जरा लहान होतं ते, आठ महिने लावून छापलं.

अंक आला तेव्हा मी मामांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी ते पांढराशुभ्र शर्ट घालून एसटीने आले. थोडे वाळले होते. मी अंक काढून ते पान उघडायला लागले, जिथे वर लेखकांची नावं असतात. त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, आधी तक्ता दाखवा, अन् वही द्या.

वही ग्रंथालयातच होती. मामा खुर्ची ओढून बसले. डावा हात वहीवर, उजवा अंकावर. छापील आकडे इंग्रजी, ते मी वाचत गेले, मामा वहीत पाहत गेले. सप्टेंबरच्या त्या तारखेपुढे छापलं होतं: निरीक्षण नाही. नोव्हेंबरच्या: निरीक्षण नाही. सहा डिसेंबरच्या: निरीक्षण नाही. बाकीच्या एकोणीस ओळी त्यांनी एकही न सोडता जुळवल्या. अर्धा तास तरी गेला असेल. आदिनाथ सर मध्येच दारात येऊन उभे राहिले होते, त्यांच्याकडे मामांनी पाहिलं नाही.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “आता दाखवा.”

मी पान उलटलं. वर दोन नावं होती. मामांनी दुसऱ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि एकेका अक्षरावरून ते शेवटपर्यंत नेलं, घाई न करता, ओठ न हलवता. मग दाराकडे वळून आदिनाथ सरांना म्हणाले, “सर, हे बी बराबर हाय.”